सगळ्यात हळू, सगळ्यात पुढे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या धाकट्या मुलाने बाबांना व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, मांडीवर पाण्याची बाटली ठेवली आणि दार हलकेच लावून घेतलं. एवढ्या हलक्या हाताने त्याने घरातलं एकही दार आजवर लावलेलं नव्हतं. बाबा समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिले. त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. पण अंग अर्धंच ऐकत असल्यामुळे तिळपापडही अर्धाच दिसत होता, आणि घरच्यांना वाटत होतं की बाबा आज अगदी शांत आहेत.

मागच्या सीटवर आई, थोरली मुलगी आणि नात दाटीवाटीने बसल्या होत्या. पायाशी तंबू, पातेली, स्टोव्ह आणि पिशव्या. नातीला शाळेत काय म्हणत असतील ते असो, घरात ती भिंगरी होती, कारण ती एका जागी बसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. तिची आई, म्हणजे थोरली, हॉस्पिटलात नर्स होती. अठरा वर्षांच्या नोकरीत तिला एक खास आवाज कमावता आला होता. त्या आवाजात ती चिडलेल्या पेशंटला सुतासारखं सरळ करायची, आणि गेले दहा महिने तोच आवाज ती घरी वापरत होती.

"आपण आरामात बसलोय ना बाबा?" तिने मागून विचारलं.

"तू बसली आहेस. मला बसवलंय," बाबा म्हणाले. शब्द जिभेवर जरा घसरले, पण पोचले.

बाबा म्हणजे पाणीखात्यातले मीटरवाले. एकतीस वर्षं ते दारोदार हिंडले. गल्ल्या, जिने, मागची अंगणं, अंगावर येणारी कुत्री. दिवसाला दीडशे झाकणं उचलायची, वाकायचं, आकडा टिपायचा, की पुढचं दार. चालून चालून पाय असे सोकावले होते की सुट्टीच्या दिवशीही ते घरात स्वस्थ बसू देत नसत. म्हणून महिन्यातला दुसरा शनिवार टेकडीचा. लग्न झालं तेव्हा दोघंच जायची, मग तिघं, मग चौघं, आणि भिंगरी आल्यावर पाच.

टेकडी काही फार दूर नव्हती. घरापासून गाडीने वीस मिनिटं. माथ्यावर शहराची पाण्याची मोठी टाकी, टाकीशेजारी सपाट जागा, आणि तिथून नीट पाहिलं तर आपल्याच घराची गच्ची दिसायची. शेजारपाजारचे हसायचे. स्वतःची गच्ची दिसते तिथे तंबू ठोकून झोपायचं, ही कसली सहल? बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "घर दिसतं, तेच तर बरं. ते तिथे, आपण इथे."

या चालण्याला एकच नियम होता आणि तो बाबांचा होता. सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे. त्याला कुणी ओलांडायचं नाही. थांबायचं कुठे तेही त्यानेच ठरवायचं. थोरली सहा वर्षांची असताना एकदा गप्पांच्या नादात बाबा पुढे निघून गेले, आणि मागे पाहतात तर पोर गायब. परत खाली येऊन बघितलं, तेव्हा ती वाटेच्या मधोमध फतकल मारून हुंदके देत होती. त्या दिवसापासून हा नियम. बाबांना त्याचा इतका अभिमान होता की निवृत्तीच्या निरोपाच्या भाषणातसुद्धा त्यांनी तो सांगितला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाबा स्वतः मात्र कायम शेवटी असायचे, पाठीवर सगळ्यांत जड पिशवी घेऊन, शीळ घालत.

दहा महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना डावी बाजू गेली. ब्रश हातातून पडला आणि बाबा त्याच्यामागोमाग. आता डावा पाय ओढत चालायचा, डावा हात मर्जी असेल तेव्हा ऐकायचा. माणूस वाचला, हे सगळे त्यांना रोज ऐकवत. बाबांनाही ते मान्य होतं. पण वाचलेल्या माणसाला दिवसभर खिडकीपाशी ठेवून देतात, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग गेल्या आठवड्यात थोरलीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "बाबांच्या मनात फार आहे, तर एकदा टेकडीवर जाऊन येऊ. आम्ही पायवाटेने चढू. बाबा व्हॅनमधून मागच्या डांबरी रस्त्याने थेट टाकीपाशी. खुर्ची टाकून देऊ. फोटोबिटो काढू. शेवटचं."

शेवटचं. हा शब्द तिने इतका सहज टाकला, की ती लगेच पुढे अंडी किती उकडायची ते बोलू लागली. बाबांनी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. आपण गेलो नाही आहोत अजून, मग हे शेवटचं कोणाचं? त्यांनी आईकडे पाहिलं. आई ताडपत्रीच्या कारखान्यात शिवणकाम करायची. बोटं जाड झाली होती आणि बोलणं मोजकं. तिने मिठाची गुळणी धरली होती.

व्हॅन टेकडीच्या पायथ्याशी थांबली. पायवाट सुरू होते तिथे आई, थोरली आणि भिंगरी उतरल्या. त्यांनी आपापल्या पाठपिशव्या चढवल्या. तंबू आणि स्टोव्ह व्हॅनमधूनच वर जाणार होते, बाबांबरोबर.

बाबांनी उजव्या हाताने पट्ट्याचं बटण दाबलं. दार उघडलं. उजवा पाय जमिनीवर ठेवला, मग दोन्ही हातांचं काम एका हाताने करत डावा पाय बाहेर ओढला आणि उभे राहिले.

"बाबा, काय करताय?" धाकटा ओरडला.

"उतरतोय. दिसत नाही?"

"आपल्याला लघवीला जायचंय का?" थोरलीने तो आवाज काढला.

"तुला जायचं असेल तर जा. मी चालणार आहे."

मग थोरलीने पाढा वाचायला सुरुवात केली. रक्तदाब. रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे पडलं तर लगेच काळंनिळं. खुब्याचं हाड. वाटेतला तो खडक. उन्हाचा त्रास. तिने एकही गोष्ट खोटी सांगितली नाही, आणि नेमका त्याचाच बाबांना राग आला.

"मी नर्स आहे, बाबा. मी असं होऊ देणार नाही."

"मी बाप आहे. मी तुला विचारत नाहीये."

"अरे, तू तरी सांग," ती भावाकडे वळली. धाकट्याने खांदे उडवले. दिवसभर अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणारा तो पोरगा घरातल्या भांडणात कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचा.

"आई, तू बोल."

आई व्हॅनच्या मागे गेली. तंबूच्या गुंडाळीतून तिने एक खांब ओढून काढला. तो जादा खांब होता. त्याच्या वरच्या टोकाला ताडपत्रीची नवी कोरी पट्टी घट्ट गुंडाळून शिवलेली होती, आणि मनगटात अडकवायला एक पट्टा. टाके ताजे होते. ते रात्रीतून कुणी शिवले, हे विचारायची गरज नव्हती. तिने तो पट्टा बाबांच्या उजव्या मनगटात अडकवला आणि ओढून बघितला.

"पुढे व्हा," ती म्हणाली.

"आई!"

"दहा महिने ऐकलं तुझं. सगळं ऐकलं. आज त्यांचं ऐकू दे." एवढं बोलून ती बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्यामागे भिंगरी. शेवटी थोरली, कपाळाला आठ्या घालून. धाकट्याला व्हॅन घेऊन वर जायला सांगितलं, आणि तो सुटलो बुवा अशा चेहऱ्याने गेला.

बाबा निघाले. व्यायाम शिकवणारी बाई सांगायची, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी वाईट पाय. बाबांना पायांची ती नावं आवडत नसत. डाव्याने एकतीस वर्षांत काही वाईट केलं नव्हतं, बिचारा आत्ता जरा आजारी होता. खांब, उजवा, आणि डाव्याला बोलावणं. खांब, उजवा, बोलावणं. पहिली पन्नास पावलं त्यांना वाटलं, यात काय अवघड आहे? पुढच्या पन्नास पावलांत ते कळलं.

पण पायापेक्षा भलतीच गोष्ट जड झाली. मागे कुणी बोलत नव्हतं. इतकी वर्षं या वाटेवर केवढा कलकलाट असायचा. आज तीन माणसं दम रोखून त्यांच्या पाठीकडे बघत होती. बाबा थांबले की मागचे पाय थांबत. बाबांचा डावा बूट दगडाला घासला की मागे कुणीतरी श्वास आत ओढत असे. त्यांच्या मानेला खाज सुटली, पण खाजवली तर तेही सगळे बघतील म्हणून त्यांनी ती तशीच सोसली.

"आजोबा, तुमचा बूट कविता म्हणतोय," भिंगरी म्हणाली. "खर्र, टप. खर्र, टप."

"गप गं," थोरलीने तिला दटावलं.

"तिला बोलू दे," बाबा म्हणाले. "निदान कुणीतरी बोलतंय."

पहिल्या वळणावर खालून गाण्याचा आवाज आला. पाच तरुण मुलं झपझप चढत होती. अंगाला चिकटणारे कपडे, दोन्ही हातांत चकचकीत काठ्या, एकाच्या पिशवीला लटकवलेला स्पीकर. वाट अरुंद होती आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. ती मुलं येऊन थोरलीच्या पाठीशी खोळंबली.

"काकू, जरा बाजूला होता का?"

"रांग आहे," पुढून आई वळून म्हणाली.

"कसली रांग?"

"चालायची. यांच्यापुढे कुणी जात नाही." आईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. ताडपत्री ओढून ओढून तिचे दंड चांगलेच भरले होते, आणि ती मुलं विचारात पडली.

बाबांनी मागे वळून पाहिलं. त्यांना हसूही आलं आणि लाजही वाटली. "अगं, जाऊ दे त्यांना. नियम आपला आहे, टेकडीचा नाही." ते झुडपाला पाठ लावून उभे राहिले. मुलं एकेक करून पुढे सरकली. शेवटचा बाबांपाशी थांबला, त्यांच्या पायाकडे बघितलं, चेहरा एकदम गोड केला.

"वा काका! मानलं तुम्हाला! या वयात, अशा अवस्थेत! टाळ्या रे!"

आणि खरंच पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातल्या त्यात एक बरं, ती आग दोन्ही तळपायांतून गेली.

"टाळ्या कसल्या वाजवताय? मी काय सर्कशीत आहे? चालतोय मी. तुम्ही चालता तेव्हा मी वाजवल्या का?"

मुलांची तोंडं पडली. स्पीकर बंद झाला. ती अशी पळाली की पुढच्या वळणावर दिसलीही नाहीत. भिंगरी खो-खो हसत सुटली, आईही हसली, आणि बाबांना त्या हसण्याने पुढची शंभर पावलं फुकट मिळाली.

मग खडक आला.

कमरेइतक्या उंचीचा तो एक सलग दगड वाटेतच आडवा होता. त्याला वळसा घालायला जागा नव्हती. आजवर इथे तेवढा नियम मोडून बाबा आधी टुणकन वर चढायचे आणि एकेकाला हात देऊन वर ओढून घ्यायचे. आई, थोरली, धाकटा, पुढे भिंगरी. त्या दगडावर बाबांनी सगळ्या घरादाराचं वजन उचललं होतं. आज ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी खांब लावून त्याची उंची बघितली. उजवा पाय वर टाकला तर भार डाव्यावर येणार. डावा तो भार घेणार नाही, हे डाव्याने कालच जिन्यात सांगितलं होतं.

त्यांनी तरी टाकला. डावा गुडघा मिटला, खांब घसरला, आणि ते खडकावर छातीनेच आपटले. थोरली आईला आणि भिंगरीला ओलांडून झेपावली. तिचे हात त्यांच्या काखेत गेलेसुद्धा.

"पुरे! झालं! परत फिरायचं. आत्ताच्या आत्ता. मी त्याला फोन करते, आम्ही दोघं उचलून नेतो तुम्हाला."

"हात काढ."

"बाबा..."

"हात काढ म्हणतो ना!"

तिने काढले. बाबांना रडू येत होतं आणि ते येऊ द्यायला ते तयार नव्हते. उचलून नेतो म्हणे. मेल्यावर न्या, तेव्हा मी काही बोलणार नाही.

"आजोबा, मी कशी चढते माहितीये?" भिंगरी पुढे आली. "उलटी." तिने खडकाला पाठ लावली, हात मागे टेकले, ढुंगण वर टाकलं आणि सरकत सरकत वर जाऊन बसली. "हे असं."

साठी ओलांडलेल्या, सरकारी नोकरीतून मानाने निवृत्त झालेल्या माणसाने ढुंगणावर खडक चढायचा का, हा प्रश्न बाबांना पडला, नाही असं नाही. त्यांनी त्याला फार वेळ दिला नाही. ते वळले. पाठ लावली. उजवा हात मागे, उजव्या पायाने रेटा, आणि बूड चार बोटं वर. घसरले. पुन्हा. विजारीची शिवण टर्रकन उसवली. आईने, "मी शिवीन हो ते," एवढंच म्हटलं. तिसऱ्या रेट्याला ते खडकावर बसले होते, तोंड खाली शहराकडे, श्वास भात्यासारखा, आणि त्यांनी विजयी राजासारखी मान ताठ केली होती.

खडकावरच सगळे पाणी प्यायले. उन्हं वर आली होती. एरवी एवढ्या वेळात माथ्यावर चहा होऊन पातेलं धुतलेलं असायचं. इथून वर पाऊण किलोमीटर उरलं होतं. वाट त्यामानाने सोपी होती, पण तिला चढ होता.

थोरली बाबांच्या शेजारी बसली. तिने त्यांची नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिली. मोजून झाल्यावरही तिने हात सोडला नाही.

"पुढे चालणं भयंकर असतं," बाबा हळूच म्हणाले. "सगळ्यांचे डोळे पाठीत घुसतात. पायापेक्षा तेच जास्त दुखतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. आणि यावेळी तो हॉस्पिटलचा आवाज नव्हता. "आठ वर्षं चालले मी पुढे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझे तळवे सपाट. धाकटा चार वर्षांनी लहान, पण बकरीसारखा पळायचा. म्हणून कायम मी पुढे. दर महिन्याला. मागे तुम्ही सगळे. तुम्ही शीळ घालायचा, आणि मला वाटायचं, माझा कंटाळा आलाय म्हणून घालताय. आदल्या दिवशी माझं पोट दुखायचं, आठवतं? ते खरं दुखायचं."

"मी तुझ्यासाठीच केला होता तो नियम," बाबा म्हणाले. त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

"ठाऊक आहे. म्हणून तर कधी बोलले नाही. तुम्ही एवढे खूष असायचा त्याच्यावर. भाषणात सांगितलात तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या."

आईने पिशवीची दोरी उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली. भिंगरी मुंग्या बघायला गेली होती.

आठ वर्षं आपण या पोरीला छाती फुगवून पुढे ढकलत होतो, आणि ती पोट धरून चालत होती. माफी मागावी असं बाबांना वाटलं. पण माफी मागून सहा वर्षांच्या मुलीला ती मिळाली नसती, म्हणून त्यांनी विचारलं, "मग तुला काय हवं होतं तेव्हा?"

"काही नाही. तुम्ही सगळ्यांनी पुढे जायला हवं होतं. तू ये सावकाश, आम्ही वर चहा ठेवतो, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. पहिल्यांदा रडले, कारण न सांगता गेलात. सांगून गेला असतात तर आले असते मी एकटी."

"आली असतीस?"

"आले असते."

बाबांनी खांब टेकला आणि उभे राहिले. "मग जा वर. चहा ठेवा. मी येतो सावकाश."

थोरलीच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा ती ताडकन उठली. "नाही. असलं काही नाही. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. मी धडधाकट होते."

"सहा वर्षांच्या पोरीला एकटं सोडायला हवं होतं म्हणतेस. मग अडुसष्ट वर्षांच्या बापाला का नको?"

"तुम्ही पडाल!"

"पडेन. उठेन."

"आणि नाही उठलात तर?"

"तर ओरडेन. आवाज अजून आहे माझा, त्या पोरांना विचार." मग त्यांचा तो आवाजही खाली आला. "बाई, दहा महिन्यांत मी एक मिनिट एकटा नाही. संडासाचं दारसुद्धा उघडं ठेवायला लावता मला. मला जगवलंत, मी नाही म्हणत नाही. पण मला हे असं बघत बघत जगवू नका. एवढं पाऊण किलोमीटर माझं मला दे."

थोरलीचे डोळे भरले. ती आईकडे बघू लागली, पण आई उठून पिशवी पाठीवर टाकून मोकळी झाली होती. "चल गं भिंगरे," ती म्हणाली. जाताना तिने बाबांच्या बुटाची नाडी एकदा ओढून घट्ट केली आणि वाटेला लागली.

थोरलीने खिशातून फोन काढून त्यांच्या खिशात सरकवला. बाबांनी तो काढून परत तिच्या हातात दिला. "हा ठेवलास की दर पाच मिनिटांनी वाजणार. आणि मागे वळून बघायचं नाही. एकदाही नाही. कबूल?"

ती कबूल म्हणाली नाही. पण गेली. तिची पाठ ताठ होती, मूठ वळलेली होती, आणि वळणाआड जाईपर्यंत तिने खरोखरच मान वळवली नाही. बाबांना माहीत होतं, एखाद्या पेशंटला मरताना बघणंही तिला याच्यापेक्षा सोपं गेलं असतं.

पावलांचे आवाज विरले. भिंगरीची बडबड थोडा वेळ ऐकू आली, मग तीही थांबली. आणि बाबा एकटे उरले.

पहिल्यांदा भीती वाटली. चांगलीच वाटली, घाम फुटला. मग त्यांनी मान खाजवली. पोटभर खाजवली. मोठ्याने खाकरले, बाजूला थुंकले, उसवलेल्या विजारीला हात लावून हसले. डाव्या पायाला त्यांनी एक झणझणीत शिवी हासडली, जी घरात दहा महिने पोटात ठेवली होती, आणि तो जरा बरा उचलल्यासारखा वाटला. खांब, उजवा, बोलावणं. कुणी थांबलेलं नाही. कुणी श्वास रोखलेला नाही. वाटलं तर दहा पावलांवर थांबावं, वाटलं तर चाळीस.

माथा दिसायला लागला आणि तिथेच घात झाला. नजर वर गेली, डाव्या बुटाचं नाक मुळीत अडकलं आणि बाबा आडवे झाले. कोपर सोललं. तोंडात माती गेली. खांब मनगटाला लटकत राहिला.

ओरड घशापर्यंत आली होती. एक हाक मारली असती तर दोन मिनिटांत चौघंही धावत आली असती, उचललं असतं, पुसलं असतं, खुर्चीत ठेवलं असतं. आणि मग कुणीही त्यांना टोमणा मारला नसता, पण टेकडीचं नावही पुन्हा काढलं नसतं, कधीच. बाबांनी दात आवळून ती हाक गिळली.

आधी कुशीवर. उजव्या कुशीवर. मग हात. मग गुडघा. घरी गादीवर हे जमायचं, तीन माणसांचे सहा हात धरायला असताना. इथे पहिल्यांदा ते परत पडले. दुसऱ्यांदा गुडघ्यावर आले आणि कलंडले. तेव्हा ते चक्क रडले, मातीत गाल टेकून, कुणी बघत नाही याची चैन करून घेत. मग नाक पुसलं, खांब मुळाच्या बेचक्यात रोवला आणि त्याला लोंबकळत, कण्हत, शिव्या देत, वर आले. उभे राहिल्यावर बराच वेळ ते नुसते उभेच होते. असं उभं राहणं त्यांनी पूर्वी कधी जमेस धरलंच नव्हतं.

माथ्यावर तंबू लागला होता. स्टोव्ह फुरफुरत होता. आणि तंबूसमोर सगळं घर एका ओळीत बसलं होतं, वाटेकडे पाठ करून. आई, भिंगरी, धाकटा, थोरली. धाकट्याचे कान लाल झाले होते. भिंगरी स्वतःच्याच काखेखालून चोरून मागे बघत होती, पण तिला कबूल करायला कुणी सांगितलंच नव्हतं. थोरलीने कप दोन्ही हातांनी धरला होता. बाबांच्या बुटाचा आवाज तिला केव्हाच ऐकू आला होता. तिचे खांदे हलत होते, तरी ती वळली नाही.

बाबा त्या चार पाठींकडे बघत राहिले. त्यांना आयुष्यात कुणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं.

"चहा झाला का?" त्यांनी विचारलं.

थोरली वळली. तिने गुडघ्यावरची माती पाहिली, कोपरावरचं रक्त पाहिलं, गालावरचे ओघळ पाहिले. ती झटकन उठली, हात पुढे झाला, आणि तिथेच थांबला.

"पडलात?"

"पडलो."

"कुणी उठवलं?"

"कोण उठवणार? तुम्ही तर इकडे पाठ करून बसलाय."

तिने हात मागे घेतला. कपात चहा ओतला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी खांब सोडून तो घेईपर्यंत ती तशीच उभी राहिली, मध्ये मदत न करता.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी माझी ड्युटी आहे," ती म्हणाली. "बदलून घेते."